वासरू आईजवळ ठेवून दूध काढण्याची पद्धत

दुभत्या गाईचे वासरू जन्मल्याबरोबर वेगळे काढायचे आणि त्याला बादलीने किंवा बाटलीने दूध पाजायचे, ही मोठ्या गोठ्यांमधली रूढ रीत आहे. वासराला काही आठवडे किंवा काही महिने आईजवळ ठेवून, त्याला पोटभर लुचू देऊन, तरीही रोज दूध काढता येते. मात्र त्यासाठी गोठ्याचे वेळापत्रक, जागा आणि हिशेब या तिन्ही गोष्टी आधी बदलाव्या लागतात. ही पद्धत जिथे फसते तिथे ती बहुधा दोन टोकांना फसते: पहिल्या दिवशी वासरू प्यायले असे गृहीत धरले जाते, आणि शेवटच्या दिवशी दूध व आई दोन्ही एकदम तोडले जातात. मधले दिवस गाय बरेचसे स्वतःच निभावून नेते, म्हणून पुढील मजकुरात या दोन टोकांवरच अधिक भर दिला आहे.

गाय विण्यापूर्वी

नियोजन शेवटापासून सुरू करावे, म्हणजे वासराचे दूध कितव्या आठवड्यात आणि कोणत्या रीतीने तोडायचे हे गाय विण्यापूर्वीच ठरवावे, कारण गोठ्यातील जागा, मनुष्यबळ आणि विक्रीच्या दुधाचा अंदाज या एका निर्णयावर अवलंबून असतो. मोकळेपणाने लुचणारे मोठ्या जातीचे वासरू काही आठवड्यांचे झाले की दिवसाला १० लिटर किंवा त्याहूनही अधिक दूध पिऊ शकते, तर बादलीवर वाढणाऱ्या वासराच्या वाट्याला पुष्कळ ठिकाणी ४ ते ६ लिटरच येते. हा फरक पहिल्या दिवसापासून वहीत वासराच्या नावावर मांडावा. जो पशुपालक हे दूध मनातल्या मनात विकून बसतो, तो पुढे वासराला उशिरा सोडू लागतो आणि लवकर ओढू लागतो. मग गाय दूध चोरते, म्हणजे पान्हा रोखून धरते, वासरू अर्धपोटी राहते आणि दोष मात्र पद्धतीला लागतो. पोटभर लुचणाऱ्या मोठ्या जातीच्या वासराचे वजन दिवसाला एक किलोच्या आसपास वाढते, बादल्या धुण्याचे काम वाचते आणि एकमेकांचे कान किंवा बेंबी चोखण्याची खोड फारशी लागत नाही. वासराने प्यालेले दूध वाया गेले, हे म्हणणे म्हणूनच मला कधी पटलेले नाही.

दुसरा विचार कळपाच्या आरोग्याचा आहे आणि त्यात कोणतीही सवलत घेऊ नये. जोन्स रोग हा आतड्याचा दीर्घकाळ चालणारा, हगवणीचा संसर्गजन्य आजार आहे. त्याचे जंतू बाधित गाईच्या शेणातून, चिकातून आणि दुधातून वासराच्या शरीरात शिरतात, कोवळ्या वयात ही लागण सर्वांत सहज होते आणि लक्षणे दिसायला बहुधा दोन वर्षांहून अधिक काळ लागतो; त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी गाय निर्धोक आहे असे नुसते पाहून सांगता येत नाही. जोन्स रोग, क्षय आणि ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा संसर्गजन्य रोग) यांची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घेतल्यानंतरच ही पद्धत सुरू करावी. बाधित गाईचे वासरू तिच्याजवळ ठेवू नये. त्याला निरोगी गाईचा चीक पाजून स्वतंत्र वाढवावे.

निरोगी कळपात मात्र लुचू दिल्यामुळे आजार वाढतात, हा समज टिकत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा वासरू लवकर तोडल्याने गाईचे किंवा वासराचे आरोग्य सुधारते याला सुसंगत पुरावा आढळला नाही, आणि कासदाहाच्या बाबतीत तर लुचणे बहुतेक अभ्यासांत लाभदायक किंवा निदान निरुपद्रवी ठरले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली वासरांच्या कल्याणाविषयी दिलेल्या मतातही वासरू किमान एक दिवस आईजवळ ठेवावे आणि हा सहवास लांबवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने रूढ करत न्यावी, अशी शिफारस आहे.

जागेविषयी थोडक्यात सांगायचे तर तीन सोयी लागतात. विण्यासाठी एक स्वतंत्र, कोरडी आणि जाड अंथरुणाची जागा असावी, जिथे माय-लेकरू पहिले दोन ते पाच दिवस एकटे राहतील. विण्याच्या बेतात आलेली दुसरी गाय शेजारी मोकळी असेल तर ती त्या वासराला आपलेच समजून चाटू लागते आणि खऱ्या आईला दूर लोटते. मुख्य गोठ्यात वासरांसाठी एक कोपरा आडव्या दांड्यांनी असा वेगळा करावा की त्या फटीतून वासरू आत जाईल, पण गाय जाणार नाही. आणि जमीन वासराच्या खुराच्या मापाने तपासावी, कारण शेण खाली पडावे म्हणून जमिनीत ठेवलेल्या, गाईसाठी योग्य असलेल्या फटीत वासराचा पाय अडकतो आणि शेण ओढणारे यांत्रिक फावडे झोपलेल्या वासराला धोकादायक ठरते.

विण्याचा दिवस

वासरू बाहेर पडले की त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसावा, श्वास नीट चालू आहे हे पाहावे आणि मागे सरावे. गाय उठते, मागे वळते, जमिनीपर्यंत मान घालून हुंगते आणि खालच्या आवाजात घुमल्यासारखी हुंकारू लागते. हा आवाज ती एरवी क्वचितच काढते. मग ती चाटायला लागते. तिच्या खरखरीत जिभेने वासराचे अंग कोरडे होते आणि रक्ताभिसरण वाढते, आणि याच काही मिनिटांत तिला त्याचा वास कायमचा ओळखीचा होतो. या वेळी माणसांची वर्दळ, कुत्रे आणि मोठे आवाज टाळावेत. गरीब स्वभावाची गायही या तासात अंगावर येऊ शकते, म्हणून तिच्या आणि वासराच्या मध्ये कधीही उभे राहू नये आणि निसटायची वाट मोकळी ठेवावी. पहिलारू गाय कधी बावरते, वासराला ढुशी देते किंवा सडाला तोंड लागताच लाथ झाडते. तिला धरून, समोर थोडा खुराक ठेवून, दोन-तीन वेळा वासरू शांतपणे लावून दिले की बहुतेक गाई वासराला स्वीकारतात. नाळेला ७ टक्के आयोडीनचे द्रावण लावण्याचे काम चाटणे ओसरल्यावर करावे.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. गाईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून वासरापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे वासरू रोगांविरुद्ध जवळजवळ निःशस्त्र जन्माला येते आणि त्याचे सारे संरक्षण चिकातून यावे लागते. ही प्रतिपिंडे अखंड शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मल्यापासूनच घटू लागते आणि २४ तासांत जवळपास संपते. म्हणून पहिल्या दोन ते चार तासांत शरीराच्या वजनाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे ४० किलोच्या वासराला सुमारे ४ लिटर, दाट चीक पोटात जायला हवा. चिकाचा कस पाहण्यासाठी ब्रिक्स, म्हणजे द्रवात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण, मोजण्याचे साधे उपकरण पुरते. त्यावर २२ टक्के किंवा अधिक आकडा आला तर चीक चांगला समजावा.

वासरू आईजवळ आहे, याचा अर्थ ते प्यायले आहे असा होत नाही. हे मी एका वासराच्या जिवावर बेतल्यानंतर शिकलो. कास बरीच लोंबणारी एक जुनी गाय पहाटे व्यायली, वासरू तासाभरात उभे राहिले, आणि मी पाहिले तेव्हा ते आईच्या पोटाखाली शेपूट हलवत जोरजोरात चोखत होते, तोंडाशी फेसही होता. मी निर्धास्त झालो. संध्याकाळी ते अंग मुडपून पडलेले दिसले, कान गार, डोळे खोल. गाईची कास हाताने चाचपली तेव्हा चारही सड ताठ भरलेले होते आणि प्रत्येक सडाच्या टोकाला मेणासारखी चिकट गुठळी जशीच्या तशी होती. वासरू दिवसभर मांडीच्या आतल्या बाजूची कातडीची घडी चोखत होते, कारण नवजात वासरू सड शोधताना वर वर हुंगत जाते आणि या गाईचे सड त्याच्या गुडघ्यापर्यंत खाली आलेले होते. वासरू वाचले, पण पुढे दोन महिने हगवण आणि खोकला यांतून ते बाहेर आले नाही.

तेव्हापासून मी शेपटीच्या हालचालीवर किंवा फेसावर विश्वास ठेवत नाही. दोन तास झाले की प्रत्येक सडाचे टोक पाहावे: गुठळी गेलेली, सड मऊ आणि लाळेने ओलसर असेल तर तो सड प्यायला गेला आहे. वासराच्या कुशी भरलेल्या दिसाव्यात आणि त्याच्या तोंडात बोट घातले तर आतून ऊब लागावी. शंका असेल तर वाट न पाहता चीक काढून बाटलीने पाजावा. वासरू चोखतच नसेल तर नळीने पाजण्याचे काम ज्याला ते येते त्यानेच करावे. बाटलीने पाजले म्हणून आईशी जुळलेले नाते बिघडत नाही. पाजून झाले की वासराला पुन्हा तिच्याच कुशीशी ठेवावे.

किती वेळ एकत्र ठेवावे

पूर्णवेळ सहवास, अर्धा दिवस सहवास आणि दूध काढण्याच्या वेळेपुरता सहवास असे तीन मार्ग आहेत. पूर्णवेळ सहवासात वासरू दिवसातून अनेकदा थोडे थोडे लुचते. त्याच्या पोटासाठी आणि गाईच्या स्वभावासाठी हे सर्वांत स्वाभाविक आहे, पण काढायला येणारे दूध सर्वांत कमी होते आणि पुढे दूध तोडणे सर्वांत अवघड जाते. अर्ध्या दिवसाच्या पद्धतीत माय-लेकरू दिवसभर एकत्र असतात आणि रात्री एकमेकांना दिसतील असे वेगळे असतात. सकाळी आधी दूध काढायचे आणि मग वासरे सोडायची, म्हणजे रात्रभरात साठलेले दूध विक्रीला मिळते आणि दिवसभराचे वासराला. तिसऱ्या मार्गात वासरू दिवसातून दोनदा, प्रत्येकी १५ ते ३० मिनिटे, लुचायला सोडतात. जागा कमी असेल तर हा मार्ग सोयीचा असतो, मात्र सोडण्याची वेळ घड्याळाप्रमाणे पाळावी लागते.

प्रथमच सुरुवात करणाऱ्याने पहिले दोन-तीन आठवडे पूर्णवेळ आणि त्यानंतर अर्धा दिवस, असा क्रम धरावा असे माझे मत आहे. गाय ही मुळात कोवळे वासरू गवतात दडवून चरायला जाणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. नवजात वासरू तासन् तास एकटे निजून राहते आणि आई परत येऊन त्याला पाजते. त्यामुळे रोज ठरलेल्या वेळी होणारा आणि ठरलेल्या वेळी संपणारा विरह ती दोघेही लवकर अंगवळणी पाडतात. त्यांना सोसत नाही ती अनिश्चितता. ज्यांना प्रत्येक गाईखाली वासरू ठेवणे शक्य नाही त्यांनी एखाद्या शांत, निरोगी, भरपूर दुधाच्या गाईखाली दोन ते चार वासरे लावण्याचा पर्याय विचारात घ्यावा. त्यासाठी वासरे जवळपास एकाच वयाची असावीत आणि गाईने प्रत्येकाला हुंगून स्वीकारले आहे याची खात्री करावी, नाहीतर दांडगे वासरू आधी पिते आणि दुबळे मागून रिकाम्या सडाशी येते.

गाय दूध चोरते तेव्हा

वासरू लावलेल्या गाईबद्दलची सर्वांत मोठी तक्रार म्हणजे ती यंत्राला पान्हा देत नाही. त्यामागचे कारण समजले तर चिडचिड कमी होते. कासेतील दुधाचा थोडा भाग खालच्या पोकळीत तयार असतो आणि बहुतांश भाग वरच्या सूक्ष्म पिशव्यांत अडकलेला असतो. सडाला स्पर्श झाला, वासराचा वास आला किंवा आवाज ऐकू आला की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते, त्या पिशव्या आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. हा परिणाम काही मिनिटेच टिकतो. भीती, मार किंवा गोंगाट यांमुळे तो रोखला जातो. म्हशीच्या खालच्या पोकळीत तर फारच थोडे दूध असते, म्हणून पान्ह्याशिवाय तिच्याकडून जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

यावर उपाय साधे आहेत, पण ते रोज करावे लागतात. सड धुऊन, पुसून, किमान एक मिनिट शांतपणे मालिश करावे आणि पान्हा उतरल्याचे हाताला जाणवताच लगेच दूध काढायला लागावे. वासरू तिला दिसेल अशा ठिकाणी असले तर पुष्कळ गाई सैल होतात. काही मात्र उलट त्याच्याकडे मान वळवून अस्वस्थ होतात, तेव्हा प्रत्येक गाईचे निरीक्षण करूनच काय ते ठरवावे. पान्ह्यासाठी रोज इंजेक्शन टोचण्याच्या वाटेला जाऊ नये. त्याची गाईला सवय लागते आणि स्वाभाविक पान्हा मंदावतो. शेवटच्या धारांत स्निग्धांश सुरुवातीच्या धारांपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून गाय मागचे दूध वासरासाठी राखून ठेवते तेव्हा काढलेल्या दुधाची फॅट कमी लागते. ती लागली म्हणून गाईचा आहार बदलण्याची घाई करू नये.

रोजची देखरेख

चारही सड सारखे प्यायले जातात का, हे दररोज पाहावे. वासराची आवड एखाद-दुसऱ्या सडावर असते, आणि न प्यालेला सड ताठ राहून त्यात दाह सुरू होऊ शकतो. असा सड हाताने पूर्ण मोकळा करावा. गाईला प्रतिजैविक दिले असेल तर औषधाचा अंश असलेले दूध वासराच्या पोटात जाऊ नये, म्हणून त्या काळात वासराच्या दुधाची वेगळी सोय पशुवैद्यकाला विचारून करावी. भरपूर दूध पिणाऱ्या वासराचे शेण थोडे सैल असणे चालते, परंतु ते पाण्यासारखे झाले, त्यात रक्त दिसले किंवा वासरू सोडल्यावर आईकडे धावले नाही, तर तो आजार समजावा. गोल जंतांची एक जात आईच्या दुधातूनच वासरात येते, विशेषतः म्हशीच्या रेडकांत. त्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच जंतनाशक द्यावे लागते आणि मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी.

पहिल्या आठवड्यापासून कोपऱ्यात स्वच्छ पाणी, थोडा ताजा खुराक आणि मऊ वाळलेले गवत ठेवावे. पोटभर दूध मिळणारे वासरू खुराकाकडे फारसे पाहत नाही आणि तोवर त्याचे कोठीपोट (चारा पचवणारा पोटाचा मोठा कप्पा) नीट विकसित होत नाही, ही या पद्धतीची खरी अडचण आहे. तिचे उत्तर दूध तोडण्याच्या रीतीत आहे. शिवाय आईमागे वाढलेले वासरू माणसाला बुजते. म्हणून रोज पाच मिनिटे त्याच्याजवळ बसावे, मान व पाठ खाजवावी आणि दावे लावण्याची सवय लहानपणीच करावी.

दूध आणि आई वेगवेगळे तोडणे

आईशी नाते जितके मुरलेले, तितकी ताटातूट जड जाते, हे मान्य केले पाहिजे. जन्मतःच वासरू काढणाऱ्यांचा हाच मुख्य युक्तिवाद असतो आणि तो निराधार नाही. परंतु एकदम तोडलेली गाय दोन-तीन दिवस हंबरते, चारा सोडते, कुंपणाशी येरझाऱ्या घालते, ते दूध आणि सोबत या दोन गोष्टी एकाच क्षणी जातात म्हणून. त्या वेगवेगळ्या काढल्या तर हंबरणे आणि येरझाऱ्या पुष्कळच कमी होतात.

तोडण्याची वेळ १२ आठवड्यांच्या आत नसावी. युरोपीय संघाच्या सेंद्रिय पशुपालनाच्या नियमांतही वासरांना किमान ९० दिवस नैसर्गिक दूध देणे बंधनकारक आहे. आधी दूध थांबवावे. वासराच्या नाकात अडकवायची प्लॅस्टिकची बोथट पट्टी मिळते. ती लावली की ते आईजवळ राहते, चाटून घेते, चारा-पाणी घेते, पण सड तोंडात धरू शकत नाही. काटेरी मुसके वापरू नये, कारण त्याने कास ओरबाडली जाते आणि ज्या आईची सोबत टिकवायची तीच लाथा मारू लागते. पट्टी एक ते दोन आठवडे ठेवावी, नाकपुड्यांना जखम होत नाही ना हे रोज पाहावे, आणि पट्टीसकट त्याला पाणी पिता येईल इतके भांडे खोल असावे. पट्टी नको असेल तर अर्ध्या दिवसाचा सहवास दोन-तीन आठवड्यांत कमी करत न्यावा: आधी काही तास, मग दोनदा अर्धा तास, मग एकदाच. या काळात वासराची भूक खुराकाकडे वळते. सलग तीन दिवस ते दीड किलोच्या आसपास खुराक खात असेल, तरच पुढचे पाऊल टाकावे.

पुढचे पाऊल म्हणजे कुंपण. माय-लेकरांमध्ये असा अडसर असावा की त्यांना एकमेकांना पाहता, हुंगता आणि चाटता येईल, पण वासराचे तोंड कासेपर्यंत पोहोचणार नाही. हेही आठवडाभर चालू द्यावे आणि त्यानंतर वासराला त्याच्या ओळखीच्या सवंगड्यांसोबत दूरच्या जागी हलवावे. शिंगे जाळणे, लसीकरण, वाहतूक किंवा नव्या कळपात मिसळणे यांतले काहीही या तीन आठवड्यांत करू नये.

गाईकडेही लक्ष असू द्यावे. वासरू तुटल्यावर काढले जाणारे दूध वाढते आणि पहिल्या काही दिवसांत कास तट्ट भरते, म्हणून दूध पूर्ण मोकळे काढावे आणि पहिल्या धारांत गुठळ्या येतात का ते तपासावे. लुचण्यामुळे काही गाई माजावर उशिरा येतात, तेव्हा वासरू तुटल्यानंतरच्या आठवड्यांत माजाची लक्षणे विशेष पाहावीत. तोडलेली कालवड लवकरच पुन्हा आईच्या कळपात सोडली तर ती सरळ कासेला जाऊन भिडते आणि बहुतेक आया तिला पिऊही देतात, म्हणून दोघींना निदान दोन महिने वेगळे चारावे. गाय पुन्हा गाभण असेल तर विण्याच्या सुमारे ६० दिवस आधी ती आटलेली असली पाहिजे. त्या काळात मोठे वासरू तिला लुचत राहिले, तर नव्या वासराच्या वाट्याचा चीक जन्माआधीच संपलेला असतो.